तीन कॅसेटींचा उन्हाळा

वैशाख लागला की आमच्या नवीन पनवेलच्या खिडकीत संध्याकाळ एकटी येत नाही. कुठून ना कुठून ढोलकीचा ठेका घेऊनच येते. एक हळद कळंबोलीच्या बाजूला, एक महामार्गापलीकडच्या गावात, एक अगदी आमच्या सोसायटीच्या मागच्या मैदानात. स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, काचा थरथरतात, कपाटातली स्टीलची भांडी एकमेकांना धक्के देतात. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दरवर्षी वैतागून खिडक्या लावून घेतात. मी मात्र उघड्या ठेवते. हा हळदीचा हंगाम आला की मला दोन ओल्या हातांचा वास येतो. भाकरी थापता थापता मध्येच थांबलेले, पिठाने माखलेले ते हात माझ्या आईचे. टेपमधून येणाऱ्या सुरांसाठी थांबलेले.

मी चौथीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. आम्ही तेव्हा जुन्या पनवेलमध्ये, वडाळे तळ्यापासून जवळच एका बैठ्या घरात राहायचो. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल भरून ट्रेलर चालवायचे. चार दिवस घरी नसायचे, मग एक दिवस असायचे, आणि त्या एका दिवसातला अर्धा झोपेत जायचा. त्या चैत्रात ते एका फेरीवरून परतले ते काखेत एक मोठं खोकं घेऊनच. खोक्यातून निघाला काळाभोर टेप, आणि त्याच्याबरोबर तीन कॅसेटी.

"ह्ये तीन आल्बम हायत," बाबा म्हणाले.

आल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा, एवढंच मला ठाऊक. मी त्या कॅसेटींच्या डब्या उघडून आत फोटो शोधले. एका डबीवर होता तो एकच. रंगवलेल्या समुद्रापुढे होडीत उभे राहिलेले गायक, सगळ्यांनी सारख्याच टोप्या घातलेल्या. ती हळदीच्या गाण्यांची. दुसरी देवाच्या गाण्यांची. तिसरीवर नुसतीच एक मेणबत्ती आणि उर्दू वळणाची अक्षरं. ती गझलांची, आणि ती बाबांनी का घेतली हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही. "दुकानात लावली होती. बरी वाटली," एवढंच.

टेप ठेवायला घरात जागा नव्हती. शेवटी आईने पिठाच्या डब्यावर पाट ठेवला, पाटावर टेप, टेपवर तिचं स्वतः विणलेलं रुमालाएवढं झाकण. म्हणजे भाकऱ्या करायच्या तर आधी टेप उचलायचा. ही कसरत रोज व्हायची आणि कुणीही तिला कंटाळायचं नाही.

आई बेलपाड्याची. आज तिथे खारघरच्या उंच इमारती आहेत, तेव्हा भातखाचरं होती. गावात कुणाच्याही घरी हळद लागली की आईला बोलावणं ठरलेलं. ती काही गायिका नव्हती. तिचा आवाज जाडसर, थोडा घोगरा. पण तिला गाणी आठवायची. कुणाचं कडवं अडलं की आई ते पुढे न्यायची, आणि बायका तिच्यामागून जायच्या. लग्न होऊन ती पनवेलला आली, तिच्या बोलण्यातला 'नाय' आणि 'हाय' तिने शहरासाठी बदलला नाही, आणि गाणीही नाही.

त्यामुळे हळदीची कॅसेट पहिल्यांदा लागली तेव्हा आम्हाला वाटलं, आई नाचेल. ती पहिल्याच गाण्याला कपाळाला आठ्या घालून बसली.

"येवरी घाई कशाला करतात?" ती म्हणाली. "हलद लावतात का गारी पकरतात?"

आणि पुढच्या कडव्याला तर तिने टेपलाच दम दिला. गाण्यात हळद पाट्यावर वाटली जात होती. "पाट्यावर नाय रं बाबा, जात्यावर! जात्यावर दलतात!" होडीतले गायक तिचं न ऐकता पुढे निघून गेले. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तरीही ती कॅसेट सगळ्यात जास्त वाजली. आई तिच्याशी भांडायची, मध्येच आपली बरोबर ओळ घुसवायची, आणि चौथ्या दिवशी मी पाहिलं तर तिचा पाय ठेका धरून हलत होता.

देवाची गाणी सकाळी लागायची. त्या कॅसेटमधलं दुसरं गाणं आईचं फार लाडकं. त्याच्या सुरुवातीला बराच वेळ नुसती बासरी होती. कुणीतरी लांब शेताच्या बांधावर बसून वाजवावी तशी, घाई नसलेली. ती बासरी सुरू झाली की आई हातातलं काम ठेवायची. चुलीवर दूध असलं तरी.

गझलांसाठी मात्र आम्हाला शेजार लागला. आमच्या भिंतीला भिंत लावून शमीमचाची राहायच्या. त्यांचे मिस्टर उरणला बंदरात कामाला, मुलं मोठी होऊन मुंबईला गेलेली. दुपारी त्या तांदूळ निवडायचं ताट घेऊन आमच्याकडे यायच्या, आणि गझल सुरू झाली की आई एकेका शब्दाला त्यांच्याकडे बघायची.

"याचा अर्थ काय वं चाची?"

"इंतजार म्हंजे वाट बघणं, भाभी."

"कुनाची?"

"ते तो सांगत नाही ना. म्हणून तर गझल."

आईला हे भारी आवडलं. नंतर कितीतरी दिवस बाबांना यायला उशीर झाला की ती दाराशी उभी राहून म्हणायची, "आज जाम इंतजार हाय."

त्या दुपारी मला अजून स्पर्शाने आठवतात. फरशी पाण्याने पुसून गार केलेली, तिच्यावर पोट टेकून मी पडलेली, गाल फरशीला. खाडीवरून येणारा खारट, चिकट वारा. शमीमचाचींच्या ताटातल्या तांदळाची सरसर, कैरीला मीठ लावल्याचा आंबट वास, आणि त्या सगळ्यावर तो अनोळखी माणूस आपल्या मखमली आवाजात कुणाची तरी वाट बघतोय. आता माझ्या फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत असं माझी मुलगी म्हणते. असतीलही. पण तेव्हा आमच्याकडे तीनच कॅसेटी होत्या, आणि त्या ऐकताना आम्ही दुसरं काहीही करत नव्हतो.

कधीतरी त्याच दिवसांत टेपच्या आवाजाचं बटण घरात वादाचा विषय झालं. बाबा आवाज कमी करायचे. ते पाठ वळवतात तोवर आई वाढवायची.

"येवरा मोठा कशाला? सगल्या पनवेलला आयकवाचं हाय काय?"

"मंग काय लपून आयकाचं?"

हसण्यावारी जायचं. एका सकाळी मी दात घासत होते आणि आई टेपपुढे बसून होती. देवाची कॅसेट लावलेली. तिने ती मागे नेली, पुन्हा लावली, पुन्हा मागे नेली. मग हिरमुसून म्हणाली, "बासरी गेली गं हिच्यातली. फीत झिजली वाटतं. पुढच्या उन्हाल्यापर्यंत टिकाची नाय ही."

मला बासरी स्वच्छ ऐकू येत होती. त्या क्षणीही वाजत होती.

"आहे की आई," मी म्हटलं. "ही काय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चेष्टा करते आहे का, हे तिने माझ्या चेहऱ्यावर शोधलं. मग टेपला कान लावला. आधी डावा, मग उजवा. उजव्या कानाशी थोडा वेळ थांबली. उठून भाकरीचं पीठ घेतलं. मला कळलं नाही काय झालंय, पण काहीतरी नीट करायला हवं असं वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, बासरी आली की मी बोट वर करीन." आणि केलं. बासरी चढली की बोट चढवलं, उतरली की उतरवलं. आई माझ्या बोटाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला वाटलं, गाणं देवाचं आहे म्हणून.

बाबांना सांगितलं ते शमीमचाचींनी. बाबा अंगणात ट्रेलरची ताडपत्री धूत होते. चाची उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"भाईजान, बुरा मानू नका. भाभींना पाठीमागून आवाज दिला तर पोचत नाही. समोर गेलं की बरोबर बोलतात. माझ्या ओठांकडे बघून बोलतात. डॉक्टरला दाखवा."

"तसं काय नाय वं," बाबा म्हणाले. "ती कामात असते."

चाचींनी पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू. बाबा ताडपत्रीवरचा हात न थांबवता ऐकत राहिले. मग हात थांबला. आई आत पाठमोरी बसून लसूण सोलत होती. बाबांनी उंबऱ्यातून तिला हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. लसणाची पाकळी ताटलीत पडल्याचा आवाज मला ऐकू आला. आईने वळून पाहिलं नाही.

पनवेलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे आईला काचेच्या खोलीत बसवून कानांवर काहीतरी लावलं. मी बाहेरून बघत होते. आवाज आला की हात वर करायचा, असं तिला सांगितलं होतं. ती शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी ताठ बसली होती आणि तिचा हात बराच वेळ मांडीवरच होता. डॉक्टर म्हणाले, कानाची नस आहे, औषध नाही. बारीक, उंच आवाज आधी गेलेत, बाकीचे हळूहळू जातील. किती वर्षांत ते सांगता येत नाही. पुढे यंत्र लावता येईल.

परतताना एसटीत आई खिडकीशी बसली होती. बाबांनी दोनदा जागा बदलली, शेवटी तिच्या उजव्या बाजूला आले. वाशीचा पूल गेला. मग आईच म्हणाली, "म्हंजे आता जेवरं हाय तेवरं आयकून घेवाचं."

बाबा फार बोलणारे नव्हते. आईचं दुःख कमी करायचे शब्द त्यांच्याजवळ नव्हते आणि ते शोधत बसायचा त्यांचा स्वभावही नव्हता. पण त्यानंतर कितीतरी वर्षं ते ज्या गावी माल टाकायला गेले, त्या गावाहून एक कॅसेट घेऊन आले. नाशिकहून, सोलापूरहून, सुरतेहून, हुबळीहून. जी दुकानात वाजत असेल ती. घरी गरबा आला, लावण्या आल्या, शहनाई आली, कानडी भजनं आली. एकदा तर तेलुगू सिनेमाची गाणी आली, जी ट्रेलरच्या क्लीनरलासुद्धा कळत नव्हती. आई सगळं ऐकायची. टेपला लागून बसायची, उजवा कान पुढे, डोळे मिटलेले.

"आई, तुला यातलं कळतं काय?" मी विचारलं.

"कलाला कशाला पायजे? वारा कलतो काय? लागतो तर."

आज मी तेव्हाच्या तिच्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे. तिशी नुकतीच ओलांडलेली ती बाई मला आता मुलीसारखी वाटते. घरातल्या कुणालाही न सांगता तिने त्या उन्हाळ्यात केवढं काय साठवून घेतलं असेल! कोंबड्याची बांग, सायकलची घंटी, दुधाला उकळी येतानाचा आवाज, माझी हाक. यातलं काय आधी जाईल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती सगळ्यालाच सारखं मन लावून बसली होती.

आणि मग त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात माझ्या बेबीआत्याचं लग्न निघालं. बेबीआत्या बाबांची सगळ्यात धाकटी बहीण. उरणच्या वाटेवर, खाडीकाठी बाबांचं गाव. मांडवात आंब्याची डहाळी, गुलालाचा आणि माणसांचा वास, कोपऱ्यात जात्यावर हळद दळायला बसलेल्या बायका. बेबीआत्या पाटावर बसली आणि तिने हाक मारली, "वयनी, तूच उचल." वयनी म्हणजे माझी आई.

आईने गाणं उचललं. तिचाच तो जाडसर आवाज. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात बायकांनी साथ धरली आणि आईला त्यांचे आवाज नीट पोचेनात. ती आपल्या सुरात राहिली, बायका आपल्या सुरात. दोन्ही एकमेकांना आदळू लागले. बायकांनी आवाज वाढवला, आईनेही वाढवला. मागे पोरी खुसखुसल्या. कुणीतरी तरुण बाई, वाईट मनाने नव्हे, आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काकी, दमलाव तुमी. आता टेप लावू."

टेप आमचाच होता. लग्नासाठी बाबांनी मोठ्या हौसेने घरून आणलेला. होडीतले गायक सुरू झाले, त्यांच्या त्याच घाईत. मांडव टाळ्या पिटू लागला.

बाबा तरातरा टेपकडे गेले. त्यांचा हात बटणाशी पोचायच्या आत आईने त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या. हलद थांबवाची नसते."

ती मागे येऊन माझ्याजवळ बसली. मला मांडीवर ओढून घेतलं, खरं तर मी मांडीवर बसायच्या वयाची नव्हते. पाटावरची बेबीआत्या तोंडभर हळद लावलेली, मान वळवून सारखी आमच्याकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर बाबांनी टेप मांडीवर घेतला होता. मग म्हणाले, "मी त्यो टेप आनलाच नसता तर बरं झालं असतं."

आईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "नसता आनला तर मना कललंच नसतं, आयकाचं काय काय राहिलं हाय ते."

यानंतर आई चारचौघांत गायली नाही. लग्नांना गेली, हळदी दळल्या, नवऱ्यांच्या गालांना बोटं लावली, पण गाणं उचला म्हटलं की हसून मान हलवायची. घरात मात्र गायची. जसजसं ऐकू येणं कमी झालं तसतशा चाली थोड्या थोड्या सरकत गेल्या. एखादी नदी वर्षावर्षाला आपलं पात्र बदलते तशा. मी आणि पुढे झालेला माझा भाऊ, आम्ही त्याच चालींवर वाढलो. त्यातली गाणी आज मूळ रूपात कुठे लागली की मला ती मूळचीच चुकल्यासारखी वाटतात.

पुढे यंत्र आलं, खिशात डबी आणि कानात वायर. आईने ते बाजारापुरतं वापरलं. गाण्याला लावलं की काढून ठेवायची. "डब्यात खरे-गोटे घालून हालवल्यासारका आवाज येतो." मग कानामागे बसणारं बारीक यंत्र आलं, त्यात बोलणं बरं कळू लागलं. गाणं नाहीच. शमीमचाची मुलांकडे मुंबईला गेल्या आणि तिकडेच वारल्या. बाबाही गेले. शेवटच्या आजारात आई त्यांच्या उशाशी बसून हळू आवाजात काहीबाही गुणगुणायची. ते हुबळीचं होतं की सुरतेचं, मला ओळखता आलं नाही. बाबांना येत असावं. त्यांची बोटं चादरीवर हलायची.

या वैशाखात माझ्या मुलीची हळद झाली. डीजे तिच्या मित्रांनी ठरवलेला. पण आठवडाभर आधी ती आजीसमोर जाऊन बसली, अगदी समोर, ओठ दिसतील अशी.

"आजी, पहिलं गाणं तू म्हणायचंस."

"मना सूर नाय आता."

"आम्ही तुझ्या सुरात म्हणू."

"तुमाला नाय जमाचं ते."

"शिकव मग."

आईने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी सांगून हे प्रकरण मिटवावं. मी मिटवलं नाही. मुलीने रोज संध्याकाळी आजीसमोर बसून ते गाणं पाठ केलं, आजीच्या चालीसकट. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आवाज नवा, कोवळा, आणि चाल आमच्या घराची.

हळदीच्या दिवशी ऊन उतरता उतरता डीजे थांबवला. हॉलमध्ये एकदम अशी शांतता झाली की पंख्यांचा आवाज यायला लागला. आई पाटाजवळ बसली. तिने पदर खोचला आणि डोळे मिटून पहिली ओळ उचलली. घोगरी, खालच्या पट्टीतली, ताल संथ. मुलीने साथ धरली. बाकीच्या बायका चाचपडल्या. जिला हे गाणं ठाऊक होतं ती आपल्या नेहमीच्या सुरात शिरली आणि बिचकून गप्प झाली.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून बेबीआत्या उठली. गुडघे दुखतात तिचे, भिंतीला धरत पुढे आली आणि आईच्या शेजारी खाली बसली. थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. मग तिने आपला आवाज खाली आणला, अगदी अलगद, आईच्या आवाजाला टेकवला. तिला आधी खोकला आला, पुन्हा धरला. मग माझी जाऊ आली. मग भावाची बायको. मी गेले. एकेक बाई आपला सूर सोडून खाली उतरत गेली, आणि कडवं संपेपर्यंत अख्खा हॉल आईच्या पट्टीत गात होता.

कडवं संपलं आणि आई थांबली. तिला आमच्यातलं कुणीही ऐकू येत नव्हतं. आपण एकटीच गातोय असं तिला वाटलं असावं. डोळे न उघडताच ती ओशाळून हसली, पदर सोडवायला लागली. आम्ही कुणीच थांबलो नव्हतो. शेवटची ओळ आम्ही पुन्हा घेतली, मग पुन्हा, तिच्यासाठी.

बेबीआत्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईने डोळे उघडले. आधी बेबीआत्याचे ओठ पाहिले, मग नातीचे, मग माझे, मग मागे उभ्या असलेल्या सगळ्यांचे. ती बघत राहिली, एकेकीकडे, सावकाश. मग पदर पुन्हा खोचला आणि पुढचं कडवं उचललं.